बेडकाच्या तोंडातली गोटी

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी देवापुढे दिवा लावायला काड्या ओढत बसलो. पहिली वातीपर्यंत पोचलीच नाही, दुसरी भलतीकडे गेली. वाऱ्याला दोष दिला. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "खिडकी बंद आहे." देवाने काही ऐकलं नसल्याचं सोंग घेतलं. तोही आता मुरलाय.

उजवा हात हल्ली स्वस्थ बसत नाही. ज्या अक्षरावर गावच्या शाळेत मास्तरांनी पाठ थोपटली होती, त्याची फळ्यावर मुंग्यांची रांग झाली आहे. डॉक्टरकडे जायला हवं. पण ते काहीतरी नाव सांगतील, आणि एकदा नाव पडलं की दुखणं घरचंच होऊन बसतं. शिवाय हात गेला की फळा गेला. मग चौथीच्या वर्गात मी कोण?

चहा आजही अर्धाच कप. पूर्वी काठोकाठ असायचा. "कंजूष झालीस," म्हटलं. नुसती हसली.

५ नोव्हेंबर, बुधवार

चौथीला प्राचीन चीन सुरू केला. कागद, होकायंत्र, दारू — यावर वर्ग खदखदला. "बंदुकीची, गाढवांनो."

मग भूकंपाचं यंत्र. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या एका विद्वानाने केलेला धातूचा रांजण. आठ दिशांना आठ ड्रॅगन, प्रत्येकाच्या तोंडात गोळी, खाली आ वासून बसलेले बेडूक. लांब कुठे जमीन हलली की त्या दिशेची गोळी बेडकाच्या तोंडात. एकदा गोळी पडली, पण राजधानीत कुणाला काही जाणवलंच नाही. लोक हसले. काही दिवसांनी घोडेस्वार बातमी घेऊन आला — भूकंप झालाच होता.

ज्या मुलीला आम्ही शंकासूर म्हणतो, तिचा हात वर. "गुरुजी, घोडेस्वार येईपर्यंत त्या माणसाला झोप लागली असेल का?"

याचं उत्तर पुस्तकात नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आमचं यंत्र तयार. पत्र्याचा डबा, पुठ्ठ्याचे ड्रॅगन, गोट्या, मातीचे बेडूक. त्यातला एक थेट आमच्या मुख्याध्यापिकांसारखा — म्हणजे मोठ्या बाईंसारखा. बाई पाहायला आल्या आणि नेमका तोच उचलून म्हणाल्या, "हा अगदी जिवंत वाटतो." वर्गाने श्वास रोखला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

१० नोव्हेंबर, सोमवार

डबा माझ्या टेबलावर ठेवलाय. मुलांची पैज — मोठ्या बाई व्हरांड्यातून गेल्या की गोटी पडणार. बाई दणदणत गेल्या, तशाच परत आल्या. काही नाही. मी हजेरी घ्यायला टेबलावर हात टेकला — टण्ण. माझ्या बाजूची गोटी. परत ठेवली, परत हात टेकला — टण्ण.

मागच्या बाकावरून आवाज, "भूकंप गुरुजींकडे झालाय!" सगळे हसले. मीही हसलो.

शंकासूर हसली नाही. मधल्या सुट्टीत टेबलाशी येऊन उभी.

"गुरुजी, यंत्र बरोबर आहे ना?"

"आहे."

"मग आता घोडेस्वाराची वाट बघायची?"

हात खिशात घातला. म्हणालो, "जा, डबा खा आधी."

११ नोव्हेंबर, मंगळवार

देवापुढे हात जोडले. जोडले की थांबतो, लबाड. देवासमोर साळसूद, फळ्यासमोर वात्रट. आज काय मागावं तेच सुचेना. त्याला तरी किती वेळा मध्ये घालायचं?

शेवटी उठून हिलाच विचारलं, "उद्या दवाखान्यात येशील माझ्याबरोबर?"

"येईन," म्हणाली. कशाला, ते विचारलंच नाही. एरवी मी भाजी आणायला निघालो तरी दहा प्रश्न असतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जाऊन आलो. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? म्हटलं, झाला असेल महिना.

ही म्हणाली, "वर्ष होत आलं. उगीच का मी अर्धा कप चहा देते?"