अदलियातलं बिऱ्हाड

अदलिया, बहरीन
२४ जानेवारी २०२५, शुक्रवार

अम्मांना सायराचा सलाम.

मी आणि इक्रा खुशाल आहोत. तुमचे गुडघे थंडीत फार दुखतात असं उबेद म्हणाला. आपल्या गावची हुदा सुट्टीवर दाभोळला येते आहे, तिच्याकडे मलम, खजूर आणि हे पत्र देते. फोन तुम्ही स्पीकरवर ठेवता आणि सगळं घर ऐकतं. हे मात्र तुम्ही एकटीनेच वाचा.

नवं घर कसं आहे, असं तुम्ही विचारलं होतं. ताहिर गेल्यावर जिदहफ्सच्या घरात मन लागेना, म्हणून माझ्या ऑफिसजवळ हे घेतलं. एक खोली, हॉल, छोटं किचन. भाग शौकिनांचा आहे. कॅफे, चित्रांची दुकानं, शुक्रवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. तुम्हाला आवडणार नाही, पण भीती वाटण्यासारखं काही नाही.

बिल्डिंगच्या तळमजल्यावर एका मोरोक्कन कुटुंबाचं रेस्टॉरंट आहे. जमीलाबाई गल्ल्यावर बसतात, मुलगी सुहा टेबलं बघते, मुलगा कमाल स्वयंपाक करतो. टोपीसारख्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात मटण मंद आचेवर शिजवतात, त्याला ताजिन म्हणतात. त्यात मिठात मुरवलेली लिंबं घालतात. आपल्या लोणच्यासारखीच, फक्त तिखट नसतात. ईसा टाउनहून स्कूल बस मी घरी पोचायच्या आधी येते, तेव्हा इक्रा तिथेच बसून अभ्यास करते. पोरगी आता पोटभर जेवते.

तुम्हाला ठाऊक आहे, ताहिरचं, तिच्या अब्बांचं नाव काढलं की ती उठून जायची. मराठी कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये, आणि या बाबतीत तर कुठल्याच भाषेत नाही.

मागच्या महिन्यात इथे जोराचा पाऊस झाला. रस्ते तुंबले, लाईट गेली आणि इक्रा लिफ्टमध्ये अडकली. मी ऑफिसच्या कामाने मआमीरला गेले होते, परतताना गाडी पाण्यात उभी. सुहाचा फोन आला, "मेकॅनिक येतोय. कमाल तिच्याजवळ बसलाय." कशी पोचले ते माझं मला माहीत. जिना चढून आले तर लिफ्टचं दार अजून बंद. कमाल ॲप्रन घालूनच जमिनीवर बसले होते आणि दाराच्या फटीतून बोलत होते. घाबरू नकोस वगैरे काही म्हणत नव्हते. विचारत होते, "तुझे अब्बा काय बनवायचे?"

आणि आतून इक्रा सांगत होती. अब्बा शुक्रवारी घावन घालायचे. पहिलं नेहमी फाटायचं. ते फाटलेलं स्वतः खायचे आणि पुढचं मला द्यायचे. मग हॉस्पिटलबद्दल बोलली. मग रडली. मी आल्याचं कळू दिलं नाही. पायरीवर बसून राहिले.

अम्मा, आता मुद्द्याचं लिहिते. किती वेळ इकडचं तिकडचं लिहीत होते.

त्यानंतर एका शुक्रवारी जमीलाबाईंनी मला जेवायला खाली बोलावलं. अर्धं हिंदी, अर्धं अरबी बोलतात. म्हणाल्या, "कमालला तू पसंत आहेस. त्याची बायको तलाक घेऊन केव्हाच मोरोक्कोला गेली, मूलबाळ नाही. तू विचार कर. नाही म्हणालीस तरी जेवायला येत जा. खलास."

मी म्हटलं, "मला माझ्या सासूला विचारावं लागेल."

"नवऱ्याच्या आईला? तिचा मुलगा गेला, आणि तू तिला हे विचारणार?"

"माझी आई मी लहान असतानाच गेली. दुसऱ्या कोणाला विचारू?"

त्यांनी किटली उचलली. माझ्या ग्लासात चहा ओतला आणि म्हणाल्या, "मग आम्ही थांबतो."

बकरीदला तुम्ही फोनवर माझ्या निकाहासाठी माझ्या धाकट्या दिराचं, उबेदचं नाव घेतलंत, तेव्हा आवाज येत नाही म्हणून मी फोन ठेवला. आवाज येत होता. अम्मा, मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जात होता. त्याचा डबा मी भरलाय. त्याला नवरा म्हणून बघणं माझ्याने होणार नाही.

कमाल मला आवडतात. ताहिर रोज आठवतात. दोन्ही खरं आहे.

इक्राला विचारलं. ती चक्क मराठीत म्हणाली, "मग दादी माझी दादीच राहील ना?" मी म्हटलं, दादीलाच विचारू. ते माझ्या हातात नाही.

तुम्ही नको म्हणालात तर मी जमीलाबाईंना नको सांगेन, आणि तुमच्याबद्दल मनात अढी धरणार नाही.

स्वतःला तुमची सून लिहू की नको, हे न कळलेली,
सायरा

•

दाभोळ
९ फेब्रुवारी

सायरा,

पत्र वाचलं आणि राग आला. चुलीत घालणार होते. माझा मुलगा तिथल्या मातीत, आणि ही दुसऱ्याबरोबर घर मांडते, असं मनात आलं. त्या दिवशी जेवले नाही.

मग पुन्हा वाचलं. पोरगी सुट्टीत इथे आली होती, तेव्हा बापाबद्दल बोल म्हणून मी किती मागे लागले. माझ्याजवळ बोलली नाही. त्या माणसाजवळ बोलली. त्याला काहीतरी कळत असेल.

उबेदला सांगितलं. तो म्हणाला, "अम्मा, तुला नाही कसं म्हणू म्हणून मी गप्प होतो." आता मला सांग, या घरात मला खरं कोण सांगतं? तू सांगितलंस.

इक्राला म्हणावं, दादी आहे तिथेच आहे.

तुझा भाऊ आकिब दोह्याहून तुझा निकाह लावून द्यायला, वली म्हणून येईल, मी त्याच्याशी बोलले. हजसाठी काढलेला पासपोर्ट माझ्याकडे आहे. ईद झाली की मी येते. आधी मला ताहिरच्या कबरीवर ने. तिथे मला थोडा वेळ एकटीला बसू दे. मग निकाह.

त्या जमीलाबाईला सांगून ठेव, आई नाही म्हणून तुझ्या बाजूने बाईमाणूस कोणी नाही असं तिने समजू नये. तुझ्या शेजारी मी बसणार आहे.

मुलीकडची,
अम्मा