तीस टक्के, अंदाजे

बाबा, माझ्या गाडीचा एक पिस्टन फुटला. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत की बाईमाणसाला टर्बोची गाडी हवी कशाला, आणि मग दुपारभर तिच्या बॉनेटखालून बाहेर आला नसतात. इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, आमच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपातली पोरं मला टर्बो काकू म्हणतात. म्हणोत बापडी.

गाडी ट्यून केलेली आहे, म्हणजे तिच्या कंप्युटरमधला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवलीय. त्या ताकदीला नुसतं पेट्रोल पुरत नाही, इंजिन आतून ठोके मारायला लागतं, त्यात पिस्टन फुटू शकतो. म्हणून इथेनॉल मिसळायचं, तीस टक्के. पंपावर इथेनॉलचं तयार मिश्रण मिळतं, ते थोडं घ्यायचं आणि बाकी भारीतलं पेट्रोल. ट्यूनरने बजावलं होतं, दर वेळी टेस्ट करा. एक काचेची नळी असते, त्यात पाणी घालून हलवलं की इथेनॉल किती ते कळतं. ती नळी अजून खोक्यातच आहे. मी पडले तुमची मुलगी. तुम्ही स्कूटरच्या टाकीत पेट्रोलबरोबरचं ऑइल हाताच्या अंदाजाने ओतायचात आणि म्हणायचात, "माप नवशिक्याला लागतं." आमटीत मीठ मी तसंच घालते, इथेनॉलही तसंच घातलं. हिवाळ्यात पंपावरच्या मिश्रणातच इथेनॉल कमी असतं, थंडीत गाड्या सुरू व्हाव्यात म्हणून. हे मला ठाऊक होतं, तरी. ठोके ऐकू आले तेव्हा ते थांबवणाऱ्या ऑक्टेन बूस्टरची बाटली ओतली. 'ऑक्टेन पाच पॉइंट वाढेल' असं तिच्यावर लिहिलेलं. त्यांचे दहा पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन, हे नंतर कळलं. म्हणजे वाढला अर्धा. डोंबल!

आमच्या शाळेतल्या मास्तरांची स्कूटर जाम झाली होती, आठवतं? मी तुमच्या गॅरेजमधल्या बाकावर गृहपाठ करत बसलेय. तुम्ही कार्ब्युरेटर साफ करून टाकी पुन्हा भरताय, कुणाशी तरी बोलताय, आणि ऑइल निम्मंच पडतंय. मी बघतेय. दोन दिवसांनी मास्तर घामाघूम होऊन स्कूटर ढकलत आले. तुम्ही म्हणालात, "कुठल्या पंपावर भरलंत? भेसळ आहे." ते बिचारे मान डोलावून गेले. घरी मी विचारलं, "बाबा, ऑइल कमी पडलं होतं ना?" माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "जेव." मला फार राग आला होता. पुढे बरीच वर्षं तो गेला नाही.

गाडी बंद पडली त्याच्या आदल्या दिवशी लेकीने ती नेली होती आणि परत येताना थोडं पेट्रोल भरलं होतं. ट्यूनरने विचारलं, मिश्रण मोजलं होतं का? लेक शेजारीच उभी. मी म्हणाले, "मी मोजूनच भरते. हिनेच मधे साधं भरलं असणार." तिने भारीतलंच भरलं होतं, पावती मी पाहिली होती. ती हळूच म्हणाली, "सॉरी आई, आय थॉट आय डिड इट राइट."

दर रविवारी आम्ही दोघी मिळून गाडीचं काहीबाही करायचो. विशीतली मुलगी आईबरोबर हात काळे करते, मला केवढा अभिमान होता त्याचा. आता हाक मारली तर म्हणते, "नको आई, आय'ल ब्रेक समथिंग."

तुम्हांला सांगणं सोपं, तुम्ही उलट बोलणार नाही. ती वरच्या खोलीत आहे. तिला मराठी सगळं कळतं. मी अजून जिना चढलेले नाही.