पतंग माळ्यावर ठेवणारा पोरगा

अश्वजित,

तुह्या मोबाईलचा अलार्म मीच बंद केला. भाजी घेऊन तळेगावच्या बाजाराले आज मी एकटीच चालली. मागून येऊ नको, आज तुले बाजारातून सुट्टी हाय.

मागच्या बाजारात गिऱ्हाईक नव्हतं, तवा तुही लायब्ररीतली कादंबरी तिथंच बसून वाचून काढली. लिहिली चांगली हाय. बाप गेल्यावर तो पोरगा आपला पतंग माळ्यावर ठेवून देते, तिथं मले रडू आलं. पण शेवटी तो बापाचं दुकान सांभाळते अन् सारं गाव म्हणते, "पोरगा मोठा झाला", तिथं लय राग आला. बाराव्या वर्षी काऊन मोठं व्हा लागते? एवढ्या गावात एकालेही त्याचा पतंग खाली काढून द्यावासा वाटला नाई?

तुही बॅट माळ्यावरून काढून दाराजवळ ठेवली हाय. तुहे बाबा गेल्यापासून ती तिथंच पडली होती. डब्यात पोळ्या हायेत, खाऊन खेळाले जाजो.

संध्याकाळी टोपली घ्याले बसस्टँडवर येशील तर ये. पण शर्टाले माती दिसली नाई, तर टोपलीले हात लावू देणार नाई.

आई