उपाशी जट

बाई, मंगळवारी एका पोरीच्या आईनं मला एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न खरं तर तुम्हाला विचारायचा होता. तुम्ही असतात तर मी सरळ कापूरहोळला उतरून भोरची एसटी पकडली असती, तुमच्या ओट्यावर बसून चहा घेत विचारलं असतं. पण तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि तुम्ही होतात तेव्हा विचारायची मला कधी गरज वाटली नाही. उत्तर आपल्याला माहीतच आहे, असं मी धरून चालले होते. म्हणून हे लिहायला बसले आहे. उपकेंद्रात या वेळेला कोणी फिरकत नाही. लसीकरणाचं रजिस्टर पुढ्यात उघडं ठेवलं आहे, म्हणजे कोणी आलंच तर सिस्टर काम करताहेत असं वाटावं. तुमची विद्यार्थिनी नर्स झाली, वेल्ह्याच्या अंगाला एका गावात नोकरीला लागली, हे तुम्ही पाहिलंत. पुढं ती लोकांसमोर काय काय फेकते हे मात्र तुम्हाला माहीत नाही.

ती बाई वरच्या वाडीतली. पोर सातवीतली, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. डोक्याला वास येतो, पू झालाय, मलम द्या म्हणाली. ओढणी सोडली तर उजव्या कानामागं मनगटाएवढी जाड जट. वर तेल, हळद, कुंकू आणि धूळ यांचा थर. दिवाळीपासून पोरीची शाळा बंद आहे. चैत्रात सासू तिच्या हातात परडी देणार, देवीच्या नावानं सोडणार, मग जन्मभर दारोदार जोगवा. मी जखम धुतली, औषध लावलं, आणि तोंडात कात्री हा शब्द आणायच्या आधीच ती म्हणाली, "शिस्टर, तुमची बी जट व्हती म्हनं. मार्गासनीच्या साळंतल्या बाईंनी लेप लावून सोडवली. सासूबाय सांगत्यात. तसा हिला लावा. पर आदी मला खरं सांगा. तुमची जट देवीनं सोडली का बाईंनी काढली? देवीनं सोडली आसंल तर मी पोरीला लेपाला बसवती. बाईंनी काढली आसंल तर न्हाई. हिचं काय बरंवाईट झालं तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

खरं तर माझी जीभ लगेच चालायला हवी होती. तालुक्याच्या मीटिंगमध्ये मी हीच गोष्ट सांगते. माझ्या बाईंनी किती युक्तीनं अंधश्रद्धेला बगल दिली, कात्रीशिवाय जट कशी सोडवली. लोक टाळ्या वाजवतात, मागच्या वेळी साहेबांनी नारळही दिला. आणि इथं एका बाईनं साधं विचारलं, तर मी मलमाच्या ट्यूबवरची तारीख वाचायला लागले.

बाई, आमच्या घरी तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. मी सहावीत. टायफॉइडनं महिनाभर अंथरुणाला खिळले होते, केसांना फणी लागली नव्हती, मागं गुंता झाला. आजीनं तो बघितला आणि हात जोडले. मग त्याच्यावर तेल काय, भंडारा काय, गुंत्याचा पार चिखल झाला. दर मंगळवारी मला पाटावर बसवायचे, आळीतल्या बाया हळदकुंकू घेऊन पाया पडायच्या. एक कबूल करते, मला ते आवडायचं. ज्या पोरीला घरात कोणी विचारत नव्हतं, तिला आता खोबऱ्याचा पहिला तुकडा मिळत होता. शाळा बंद झाल्याचं मला सुरुवातीला काही वाटलं नाही.

तुम्ही दारात उभ्या. खांद्याला पर्स, भोरहून दोन गाड्या बदलून आल्यामुळं साडीवर धूळ. आजी तुम्हाला आत येऊ देईना. "बाई, ही आता देवीची हाय. कातर लावाल तर घरात इपरीत व्हईल." तुम्ही म्हणालात, "कातर कोण लावतंय आजी? पण जट बघा किती कोरडी पडलीय. उपाशी आहे ती. तिला खायला काय घालता?" आजी गडबडली. "खायला?" तिनं उभ्या आयुष्यात असलं काही ऐकलं नव्हतं, आणि देवीच्या बाबतीत आपल्याला काही माहीत नाही हे कबूल करायची तिची तयारी नव्हती. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आमच्याकडं मंगळवार-शुक्रवार लेप घालतात. मी आणीन." आणि आजी म्हणाली, "व्हय, तसं घालत्यात खरं."

मग शाळा सुटली की तुम्ही यायच्या. जास्वंदीची पानं, परसातल्या ओहोळाकाठचा माका, कोरफडीचा गर, रात्रभर भिजवलेली मेथी, सगळं आमच्याच पाट्यावर वाटायच्या. तो हिरवा, बुळबुळीत गोळा डोक्यावर पडला की आधी अंगावर शहारा यायचा आणि मग तापानंतर डोक्यात राहिलेली आग हळूहळू निवायची. त्या आजारपणानंतर मला पहिल्यांदा शांत झोप लागली ती लेपाच्या दिवशी. तुम्ही विणकामाची बोथट सुई घ्यायच्या आणि लेपानं मऊ झालेल्या जटेतून एकेक केस ओढून काढायच्या. एका दिवसात दहा केस सुटले तर पुष्कळ. तेवढ्या वेळात माझ्याकडून सहावीची पुस्तकं मोठ्यानं वाचून घ्यायच्या. आजीला वाटायचं पोर स्तोत्र म्हणतेय. मी नद्यांची नावं म्हणत असायचे.

आता एका मंगळवारचं सांगते. हे मी मीटिंगमध्ये कधी सांगत नाही. त्या दिवशी सकाळपासून बाया पाया पडून गेल्या होत्या आणि मी चांगलीच चढले होते. तुम्ही वाटी घेऊन मागं बसलात तशी मी म्हणाले, "बाई, आज मंगळवार हाय. आदी पाया पडा, मग हात लावा." मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तुम्ही वाटी खाली ठेवलीत. हात पदराला पुसलेत. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलात आणि खरंच वाकलात. मग उठून, आवाजात जराही फरक न करता म्हणालात, "आता सतराचा पाढा म्हण." मी सतरा आठे अडले. तेव्हा मात्र धपाटा बसला. "देवी आहेस तर सतरा आठे एकशे छत्तीस तुला यायला पाहिजेत." इतकी वर्षं मी तो नमस्कार आठवून हसत आले. पण थट्टेत वाकणारी बाई पदर कशाला घेईल? आजी तेव्हा गोठ्यात होती. बघायला कोणीच नव्हतं.

होळीच्या अलीकडं शेवटचा गुंता सुटला. मेलेल्या केसांचा एक पुंजका तुमच्या हातात आला, एकही केस न कापता. मला हलकं वाटायच्या ऐवजी रडू कोसळलं. मंगळवारचं खोबरं गेलं, असं काहीतरी डोक्यात आलं असावं. आजी दारात येऊन म्हणाली, "सोडली का देवीनं?" तुम्ही हात धूत होतात. म्हणालात, "आजी, सोमवारी हिला शाळेत पाठवा. भूगोल फार मागं राहिलाय." तो पुंजका वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये टाकलात आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून निघालात. तुम्ही आजीला उत्तर दिलं नाहीत, हे माझ्या परवाच लक्षात आलं.

तुम्ही गेल्यावर मी भोरला भेटायला आले होते. तुमच्या धाकट्या बहीण बसल्या होत्या. मी माझी गोष्ट रंगवून सांगितली, बाई कशा धीट, कशा शास्त्रीय विचारांच्या. त्या म्हणाल्या, "ताईनं तो केसांचा पुंजका घरी आणला होता. दुसऱ्या दिवशी भाटघरच्या धरणावर जाऊन ओटी भरून पाण्यात सोडला. पाच मंगळवार कडक उपास केले. पोरीला काही होऊ देऊ नको म्हणायची." मला वाटलं त्या दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताहेत. मग त्यांनी तुमच्या थोरल्या बहिणीचं सांगितलं. तिलाही जट होती. वडील सुधारक, त्यांनी धरून कापली. कापताना तिचं डोकं तुम्ही धरलं होतंत, आठ वर्षांच्या होतात. महिन्याच्या आत ती गेली. विंचू चावला होता. "पण घरात विंचवाला कोणी दोष दिला नाही," त्या म्हणाल्या. "ताईनं त्यानंतर कुणाच्या केसाला कातर लावली नाही." मी विचारलं, मग जटेला लेप खाऊ घालायची पद्धत तुमच्याकडचीच का? त्यांना हसू आलं. "छे. तो लेप तर ताई डोकं थंड राहावं म्हणून स्वतःच्या केसांना लावायची. जटेला कोण खाऊ घालतं?"

म्हणजे आजीला तुम्ही थाप मारलीत. आणि उपास खरे केलेत. हे दोन्ही एकाच बाईनं कसं केलं? देवी मानत होतात तर तिच्या नावावर आमच्या उंबऱ्यात उभं राहून धडधडीत खोटं बोलायचं धाडस कुठून आलं? मानत नव्हतात तर मास्तरणीचं काम करून, दोन गाड्या बदलून, वर पाच मंगळवार पोटाला चिमटा कशासाठी? माझ्या आजीला भिऊन तुम्ही कात्री टाळलीत असं मी जगाला सांगत आले. तुम्ही कोणाला भीत होतात? मी भोरहून परतताना गाडीत हे सगळं घोळवलं, आणि मार्गासनी यायच्या आत घडी घालून ठेवून दिलं. नंतर मीटिंगमध्ये जुनीच गोष्ट सांगत राहिले. तीच सोयीची होती.

तर मंगळवारी त्या बाईला मी शेवटी म्हणाले, "मला न्हाई माहीत." ती चिडलीच. "तुमी शिकलेल्या, आन तुमाला न्हाई म्हाईत?" म्हटलं, "न्हाई. बाईंनी कधी सांगितलं न्हाई. पर मी ही अशी तुमच्या म्होरं उभी हाय. नोकरी करते. दोन लेकी हायत. काय बरंवाईट झालेलं न्हाई." बाजारात म्हैस बघावी तसं तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं. केस बघितले, दात बघितले. मग म्हणाली, "शुक्रवारी आणती."

शुक्रवारी आली. आता भोरच्या मेडिकलमध्ये आयुर्वेदिक लेपाची पाकिटं मिळतात, माका आणि जास्वंदीचं चित्र असलेली. मी आधी तेच कालवून बघितलं, पण त्याला तो बुळबुळीतपणा नाही. म्हणून उपकेंद्राच्या कुंपणावरची जास्वंदीची पानं मिक्सरमधून काढली. जखम सोडून बाकी जटेला लेप भरला. पोर आधी शहारली, मग गारव्यानं डोळे मिटून बाकाच्या पाठीला टेकली. माझ्याकडून सुई काही तुमच्यासारखी चालत नव्हती. अर्ध्या तासात तीन केस सुटले, त्यातला एक तुटला. चैत्राला फार दिवस राहिलेले नाहीत. या गतीनं जट सुटायची नाही, हे मला दिसत होतं. तेवढ्यात तिच्या आईचा मोबाईल वाजला. आत रेंज मिळेना म्हणून ती रस्त्यापर्यंत गेली.

ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये कात्री होती. जट मुळापाशी बोटभर सैल होती. चार वेळा कात्री चालवली की काम संपणार. आई रडली असती, सासूनं माझा उद्धार केला असता, वरिष्ठांनी न विचारता कापली म्हणून दोन शब्द सुनावले असते. पण कापलेली जट काही कोणाला परत चिकटवता येत नाही, आणि पोर सोमवारी वर्गात बसली असती. मी कात्री उचलली. बोटं घातली. आणि बाई, आधी मी बाकाखाली वाकून बघितलं. मग कपाटामागं. मग पोरीच्या चपला उचलून झटकल्या. विंचू कुठंच नव्हता. मी कात्री परत ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रेवर कापड टाकलं.

तिची आई परत आली तेव्हा मी चौथा केस सोडवत होते. ती म्हणाली, "शिस्टर, तुमी कातर लावली न्हाई, लई उपकार झाले. आता माजा इस्वास बसला." ती मंगळवारी परत येणार आहे. चैत्राच्या आत होतं का नाही, मला खरंच सांगता येत नाही. कोणी विचारलं तर आईची परवानगी नव्हती म्हणून कापली नाही, असं मी सांगीन, आणि ते सगळ्यांना पटेल. हा कागद मी रजिस्टरमध्ये ठेवणार नाही, घरी नेऊन चुलीत घालीन. मी तिच्या आईला भ्याले नव्हते, बाई.