मनगटावरचा पट्टा

२८ जाने.
काल सुजाताची दुसरी किमो. पहिल्या खेपेला ओकून ओकून डोळे लाल झाले होते. या वेळी डॉक्टरांच्या गोळ्यांच्या जोडीला मनगटावर दाबपट्टा. इंदिरा नगरच्या बाजारातले साधे इलॅस्टिक, आत शर्टाचे बटण शिवलेले. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटे कोपराकडे, दोन कंडरांच्या मधोमध ते रुतले पाहिजे. डॉक्टर म्हणाले, अपाय नाही, बांधून पाहा. दुपारी तिने मऊ भात खाल्ला. पोटात राहिला!

३० जाने.
शेजारच्या भाभी गिलोयचा, म्हणजे आपल्या गुळवेलीचा, काढा घेऊन आल्या. "भाईसाहब, हमारी ननद तो इसी से ठीक हुईं." शांतपणे समजावले: पूरक उपचार मूळ उपचाराला टेकू देतो, त्याची जागा घेत नाही, शिवाय पोटात गेलेली वनस्पती औषधाच्या कामात ढवळाढवळ करू शकते. बराच वेळ बोललो. सुजाता हसली. "भाभी, बैठ जाइए. ये पूरा पढ़ाकर ही छोड़ेंगे."

१६ फेब्रु.
उद्या तिसरी. एक प्रश्न सुटत नाही: गुण बटणाचा, की तिच्या विश्वासाचा? उत्तर कळले तर पुढच्या खेपांची आखणी नेमकी करता येईल. तुलना हवी. तिला आधी सांगितले तर तुलनाच उरत नाही.

१८ फेब्रु.
पट्टा काल मीच बांधला. बटण हाताच्या बाहेरच्या बाजूस.
"जागा बदलली का हो?"
"हीसुद्धा चालते."
"तुम्ही बांधलाय म्हणजे बरोबरच असेल."
संध्याकाळपासून उलट्या. गोळ्या चालू, तरी घोटभर पाणी टिकेना. मी टब धरून उभा. पट्टा जागेवर आणावा, असे दोनदा मनात... आणला नाही.

२२ फेब्रु.
आज ती उठून बसली, चहा घेतला. मला राहवले नाही. सगळे क्रमाने समजावून सांगितले. एका खेपेने काही सिद्ध होत नाही हे खरे, तरी फरक किती स्पष्ट होता! तिने कप खाली ठेवला.
"मी ओकत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"
"हो, पण त्यामागचा विचार..."
"तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये उंदराला सुई टोचायची तरी समितीची परवानगी लागते ना?"
त्या समितीवर मी आहे. तिला ते ठाऊक आहे.

९ मार्च
उद्या चौथी. पट्टा योग्य जागी बांधून देतो म्हणालो. आवाज न चढवता म्हणाली, "आता कुठेही बांधा. खरी जागा कुठली, मला कसं कळणार?"
थोड्या वेळाने आमची लेक मैत्री आली. तिला मराठी सगळे समजते, बोलते हिंदीच. "पापा, कल मम्मी के साथ मैं जाऊँगी. आप रहने दीजिए."

१२ मार्च
मळमळ? "बरं आहे." जेवण? "बरं आहे." आल्याचा तुकडा देऊ? "बरं आहे."
मैत्री कॉलेजला गेल्यावर डॉक्टरांचा फोन. उलट्या कितीदा, पाणी टिकते का. त्यावरून सलाइन लावायचे की नाही आणि पुढचा डोस कमी करायचा का, हे ठरणार. मला माहीत नव्हते. न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. आत नळ पूर्ण सोडलेला.
"सुजाता, डॉक्टर विचारतायत. खरं सांग."
"बरं आहे म्हणावं."
"सर, आप लाइन पर हैं?" डॉक्टर विचारत राहिले. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज येतो का, ते मी दाराला कान लावून ऐकत होतो.