हात कानाला पोचला तेव्हा

७ फेब्रुवारी ८३, सोमवार

चार्ज मिळाला. मिळाला म्हणजे गळ्यात पडला. हेडसर आजारपणाच्या रजेवर, दुसरे सर नवखे, म्हणून मी प्रभारी. कपाटाची किल्ली माझ्या पदराला. याच शाळेत ओणवी उभी राहिलेय मी. आईला कौतुकानं सांगितलं तर म्हणे, "पदर नीट खोच, पडंल."

मधल्या सुट्टीत जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. वाळवी बघायची म्हणून. खोटं. माझं नाव बघायचं होतं. सापडलं, क्र. २१२. वरच्याच ओळीत २११, गोदावरी. जन्मतारीख दोघींची एक जून. अख्ख्या शाळेची एक जून. साल मात्र गोदीचं माझ्याहून दोन वर्षं मागचं. एकटीच हसले.

मोठ्या गुरुजींची रीत! जन्माचा कागद कुणाकडंच नसायचा. पोराला समोर उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लाव म्हणायचं. बोट लागलं की सहा वर्षांचं. हात कानाच्या खाली उतरला की सात, आठ. नाही लागलं तर, "पुढच्या साली आणा." गोदीचे हात पहिल्यापासून लांब. तिचा पंजा गालावर आला, गुरुजींनी आठ लिहिले. माझं बोट इंचभर कमी पडलं. मी रडायच्या बेतात. गोदी मागं उभी होती, तिनं डोकं ढकललं, माझी मान वाकडी झाली आणि बोट लागलं. सहा!

त्या एका धक्क्यावर मी आज बाई आहे.

पाणी: एक पिंप. गोदीच्या भावाच्या विहिरीचं, त्यांच्याच गाडीनं येतं. गावातल्या बाकी विहिरींत खडक दिसतोय. चौसष्ट लेकरांना एक पिंप.

९ फेब्रु., बुध.

गोदी शाळेत आली. शाळा सुटल्यावर, पोरं गेलेली बघून. उमरीहून परत आल्याला दोन वर्षं झाली (नवऱ्यानं दुसरी केली, ही भावाकडं आली), पण शाळेची पायरी आज पहिल्यांदा चढली. आपला जुना कोपरा शोधला, खाली बसली. मीही बसले. प्रभारी गेली उडत.

चिंचा आठवल्या. सातवीच्या परीक्षेला निलंग्याला गेलो होतो तेव्हा एकाच पांघरुणात झोपलो ते आठवलं. तिच्या घरी कळल्यावर तिला मार बसला होता. बौद्धाच्या पोरीच्या पांघरुणात झोपली म्हणून. "माराचं काय न्हाई गं, पर गोधडी धुवाया लावली मला," म्हणाली. पोट धरून हसलो.

मग हसू थांबलं आणि बोलली. लातूरला नव्या जिल्ह्यात नर्सबाईच्या ट्रेनिंगला मुली घेऊन राहिलेत. सातवी पास चालते. राहायला जागा, वर महिन्याला काहीतरी. अर्ज २५ तारखेच्या आत.

"मग भर की."

"वयात बसंना. कागदावर तीन वर्षं म्हातारी हाय मी."

"हाताचं वय ते."

"तेच की. आता रजिस्टर तुझ्याकडं हाय, कमे."

मी किल्ली पदरात परत खोचली. जाताना दारात म्हणाली, "वैनी म्हनती, दुष्काळात एक तोंड जास्त. माझ्यासमोर म्हनती."

१० फेब्रु., गुरु.

आईला विचारलं, गोदी माझ्याहून किती मोठी? "चार दिसांनी. तिच्या पाचवीच्या दिशी तू झालीस. त्यांच्या वावरात कामाला होते मी, तिथनंच कळा सुरू झाल्या." म्हणजे शाळेत गेलो तेव्हा दोघी पाच वर्षांच्या. कागदावर ती आठ, मी सहा.

म्हणजे गोदी मागतेय ते खरंच आहे. फक्त खरं लिहायचा रस्ता खोटा आहे. दिवसभर डोक्यात हेच. तिसरीच्या पोरांना पाढे म्हणायला लावले आणि मीच सतरा चोक चुकले.

१२ फेब्रु., शनि.

सकाळची शाळा. साडेअकराला सगळे गेले. दार लावून घेतलं. रजिस्टर, दौत, आणि पेन्सिलीचं ब्लेड.

लिहितेच इथं, दुसरीकडं कुठं लिहिणार. साल आकड्यात आहे आणि अक्षरात पण. ब्लेडनं आकडा खरवडता येतो. अक्षरं खरवडली तर कागद पातळ होतो, उजेडात धरलं की दिसतं. तरी ब्लेड टेकवलं. खालची ओळ दिसली. माझी. एक ओळ खोटी म्हणून खरवडायची तर खालची कुठं खरी आहे? तिला हात लावणार नव्हते. वरचीला लावणार होते, कारण खालची माझ्या फायद्याची.

ब्लेड पेटीत टाकलं. स्वतःचाच राग आला, गोदीचाही आला. तिनं मागायला नको होतं. मागू नये तर काय करावं तिनं, हेही कळेना.

१४ फेब्रु., सोम.

किरकोळ रजा टाकून लातूर. कोतवालाच्या जन्मनोंदीच्या वहीत गोदीचं नाव असणार. शुक्रवारी निलंग्याच्या तहसिलीत विचारलं तेव्हा कळलं होतं की जुन्या वह्या जिल्ह्याला गेल्या. कुठल्या जिल्ह्याला? जुन्या, की नव्या? नव्या कचेरीत व्हरांड्यापर्यंत पोती रचलेली, सुतळी न सोडलेली. कारकून भला माणूस. म्हणाला, "बाई, जुन्याकडून निघालं ते सगळं हितं आलंय का, ते मला तरी कुठं ठाव? खुर्च्या यायच्यात अजून. जूनपतूर बघा."

जून! अर्ज अकरा दिवसांत.

एस.टी.त खिडकीतून दोन्ही बाजूंना कोरडी वावरं. डी.एड.ला नांदेडला होते तेव्हा सुट्टीत याच रस्त्यानं यायचे. आधी वाटेत थोरल्या दादाकडं एक मुक्काम, मग गाव. स्टँडवर गोदी उभी असायची. पत्र न टाकता. कसं कळायचं तिला, कधी विचारलंच नाही.

१६ फेब्रु., बुध.

गोदीला सांगितलं, रजिस्टरला हात लावणार नाही.

"पान उंदरानं खाल्लं म्हन."

"गोदे, नोकरी जाईल माझी."

"तुझी हाय, म्हनून जाईल. माझी तर नाहीच."

मग म्हणाली, "तुझा हात पोचत नव्हता, कमे." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. उठून गेली, चप्पल हातात घेऊन. लहानपणी रागावली की अशीच जायची, अनवाणी, तरातरा.

मी बरोबर आहे. दुसऱ्यांदा लिहून बघितलं, मी बरोबर आहे. बरं वाटत नाही.

१७ फेब्रु., गुरु.

पिंप आलं नाही. अकरा वाजले, साडेअकरा. पोरं माठाभोवती. दुसऱ्या सरांना आबांकडं, म्हणजे गोदीच्या भावाकडं पाठवलं. आबांचा निरोप आला, "बैल मोकळा न्हाई. बाईंना सांगा, अडचण सगळ्यालाच असती."

पूर्वी मला "ए कमळी" म्हणायचे. चार्ज आल्यापासून "कमलबाई". आता नुसतं "बाई".

पोरांना बाराला घरी सोडलं. हजेरीपटात कारण काय लिहू? "पाण्याअभावी" लिहिलं. ते तरी खरं आहे.

१८ फेब्रु., शुक्र.

पिंप नाही. दहाच्या सुमारास गोदी आली. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी. विहिरीपासून शाळा पाऊण कोस. माठात ओतलं, पुन्हा गेली. चार खेपा. माझ्याकडं बघितलं नाही. तिसऱ्या खेपेला मी कळशी उतरवायला हात पुढं केला तर म्हणाली, "बाई, शिकवा तुम्ही. पोरं कालवा करून राहिलीत."

तुम्ही म्हणाली. मला, गोदी! वर्गात तोंड फळ्याकडं करून उभी राहिले, डोळे पुसेपर्यंत.

आबांना विचारून आली नसणार. घरी काय ऐकून घेतलं असेल, देव जाणे.

२० फेब्रु., रवि.

निलंग्याला मोठ्या गुरुजींकडं. पंचाहत्तरी ओलांडली असेल, डोळ्यांत मोतीबिंदू. आवाजावरून ओळखलं. "बारकी कमल." बाजेवर बसवलं, सुनेला चहा ठेवायला लावला.

सगळं सांगितलं. लिहून द्याल का, म्हटलं, की वयं हातावरून धरली होती, कागदावरून नाही. गुरुजी नाही म्हणाले.

"तीस वर्षं पोरं घातली शाळेत. एकीचं लिहून दिलं की सगळ्यांचं लिहून दिल्यासारखं. उद्या कुणी पेन्शनवाला येईल, कुणी जमिनीच्या भांडणातला."

मी म्हटलं, खरं आहे गुरुजी. उठले. मी चप्पल घालत होते तेव्हा मागून गुरुजी म्हणाले, "तुझा हात पोचला नव्हता."

मी तिथंच थांबले.

"तिनं मान ढकलली ती दिसली मला. म्हटलं, एवढी जिवाची मैत्रीण घेऊन आलीय, पोर टिकंल शाळेत. वस्तीवरच्या पोरी तेव्हा टिकत नव्हत्या. लिहिले सहा." मग म्हणाले, "तुझं आहे ते लिहायची तयारी आहे का तुझी? नुसतं तिचं मी नाही लिहायचा. लिहिलं तर दोघींचं, जसं झालं तसं."

चहा तसाच राहिला. मी हो म्हटलं. लगेच नाही. आधी विचार केला की डी.एड.ला घेताना वयाची अट होती, कागदावर बसले, खऱ्या वयानं बसले नसते. उद्या कुणी काढलं तर शिक्षण, नेमणूक सगळंच लटकेल. आईचं औषध आठवलं. मग हो म्हटलं.

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, त्यांनी सही केली. सही ओळीच्या बाहेर गेली. दिसतच नाही त्यांना. पण रजिस्टरमधल्या सहीसारखीच, तीच खालची शेपटी.

२२ फेब्रु., मंगळ.

गोदीचा निर्गम उतारा (शाळा सोडल्याचा दाखला) रजिस्टरात आहे तसाच दिला. वय तेच. सोबत गुरुजींचा कागद, दोघींच्या जन्माबद्दल आईचा जबाब, खाली तिचा अंगठा, आणि माझं निवेदन. "नोंद क्र. २११ व २१२ दोन्ही अंदाजे आहेत. २१२ मी स्वतः. माझे खरे वय नोंदीपेक्षा एक वर्षाने कमी आहे." शाळेचा शिक्का मारला. शिक्का मारताना वाटलं, हा शेवटचा असू शकतो.

गोदीला वाचायला दिलं. बोट ठेवून वाचते अजून. २१२ वर बोट थांबलं.

"हे कशाला लिहिलंस?"

"त्याच्याशिवाय तुझं खरं वाटणार नाही कुणाला."

"फाड हे."

"नाही."

"कमे, फाड म्हनते ना! मी राहीन वैनीच्या हाताखाली. मरत न्हाई."

अर्ज तिच्या हातातून ओढून घेतला आणि सरळ एस.टी.त बसले. लातूरला जमा केला, पोच घेतली.

२ मार्च, बुध.

काही नाही. पिंप परत सुरू झालंय. आबा स्वतः गाडीवर होते. "बहीन चार खेपा घालती, गाव बघून राहिलंय," एवढंच बोलले. गोदी येत नाही.

१५ मार्च, मंगळ.

पत्र आलं. दोन पत्रं. एक गोदीला: मुलाखतीस हजर राहावे, वयाबाबत निर्णय त्या वेळी. दुसरं मला: मूळ रजिस्टरसह, आपल्या निवेदनाच्या खुलाशासाठी, समक्ष उपस्थित राहावे. दिवस एकच, परवा. खाली सही कुणाची ते वाचता येत नाही.

आईला फक्त गोदीचं सांगितलं.

१६ मार्च, बुध.

रजिस्टर कापडात बांधलं. दुसऱ्या सरांकडं किल्ली दिली. त्यांनी विचारलं, किती दिवसांसाठी? मी म्हटलं, बघू.

संध्याकाळी गोदी आली. बावीस फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. हातात धपाट्यांचं गाठोडं, उद्याच्या वाटेला.

"मी म्हननार हाय तिथं, की हिच्या डोक्याला मी हात लावला व्हता. हिचा काय बी गुन्हा न्हाई."

"पाच वर्षांची होतीस तू."

"कागदावर आठची. आठच्या पोरीला कळतंय सगळं."

हसलो. बऱ्याच दिवसांनी. मग ती गाठोड्याची गाठ सोडत, बांधत बसली. म्हणाली, "त्यांनी मला घेतलं आनि तुला काढलं तर?" तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही, दिवेलागणीपर्यंत आम्ही तशाच ओट्यावर बसलो. आई आतून दोनदा बघून गेली.

सकाळी सातची एस.टी. गोदी स्टँडवर येते म्हणाली.

ती गेल्यावर भिंतीवरच्या आरशासमोर उभी राहिले. उजवा हात डोक्यावरून नेला. पोचतो आता, मान सरळ ठेवून.