हवेवर वाढणारे मासे

२८ जून १९७६. सिद्धेश्वर, रेस्ट हाऊस.
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात. उदगीरकडचं गाव सोडून मी एवढ्या लांब धरणावर आलो, ते काही साहेबांचे कप धुवायला नाही. सध्या धुवून राहिलो, ती गोष्ट वेगळी.
काल नवे साहेब विलायती गळ घेऊन दिवसभर पाण्यावर बसले. काही लागलं नाही. जाताना म्हणाले, मरळ पाहिजे रे, मरळ. गळाला लागली की हात उपटून नेते. जवळ एखाद्या तळ्यात मरळ असती तर परभणी-नांदेडचे सगळे ऑफिसर जीप भरून आले असते.
म्हणजे त्या तळ्याला इनचार्ज लागणार. मी.

१ जुलै
आधीच्या साहेबांची माशांची काचेची पेटी स्टोअरमध्ये सापडली. खानसामा किशनराव तिच्यात कांदे ठेवतो. मागितली. म्हणे, मग कांदे कुठं ठेवू, तुझ्या डोक्यात? तिथं जागा लई हाय म्हणा.
दुर्लक्ष केलं. कांदे माझ्या खाटेखाली घेतले. तात्पुरते.

४ जुलै
जनकाबाईच्या खड्ड्यावर गेलो. गावतळं यंदा मक्त्यानं तिच्याकडं आहे. नवरा नाही. कॅनॉलच्या कडेच्या खड्ड्यात रोहू-कटल्याचं बी, म्हणजे बारीक पिलं, वाढवायचं आणि दसऱ्याला ते तळ्यात सोडायचं, असं तिचं काम. बी यायच्या आधी खड्ड्यात मोहाची पेंड टाकून आतले सगळे मासे मारतात. मरळी पोट वर करून तरंगत होत्या. तिची पोरगी सिंधू टोपल्यात भरत होती.
विचारलं, एवढा भारी मासा, काहून मारता?
म्हणाली, खुराड्यात कोल्हा ठिवतेत का तुमच्याकडं?
हसली चांगली. पण अज्ञान. मी जातीचा भोई. बाप स्टेशनवर हमाल आहे आणि मी मासा फक्त ताटात बघितला, म्हणून काय झालं? रक्तात असतंच.
किशनरावच्या तोंडून सिंधूसाठी मागणीचा शब्द टाकला. जनकाबाई म्हणाली, दसऱ्याला बी तळ्यात पडू द्या, मग बघू. मासे जगले तर इथं घर. न्हाई तर आमी मायलेकी निघालो वसमतकडं ऊस तोडायला.
मासे जगणारच. मी आहे ना.

१० जुलै
नाल्याच्या कडेला गवतात मरळीच्या लाल पिलांचा गोळा दिसला. हंडा भरून घेतला. पिलांच्या आईनं हंड्याला दोन धडका दिल्या. मी नाल्याच्या कडेनं परत येत होतो, तोवर शेजारचं पाणी माझ्याबरोबर हलत येत होतं. रस्त्याला वळलो तेव्हा थांबलं.
पिलं पेटीत सोडली. शेकड्यानं आहेत. किशनराव म्हणे, मिरच्या लाव त्यापेक्षा.

१५ जुलै
भाकरी कुस्करून टाकली. खात नाहीत. भात, तोही नाही. पीठ टाकलं, पाणी नासलं.

१७ जुलै
मोठा शोध! पिलं घडीघडी वर येतात, तोंड काढतात, हवेचा घोट घेतात, खाली जातात. दिवसभर तेच. भाकरीला शिवत नाहीत तरी जाड होऊन राहिलीत. याचा अर्थ मरळ हवेवर वाढते. खर्च शून्य. हे कुठल्या ऑफिसरला ठाऊक नसणार.

२६ जुलै
किशनराव म्हणे, लेकरं कमी दिसायलीत. म्हटलं, लपली असतील. म्हणे, काचंत?
मांजरीवर संशय आहे. पुरावा: ती आता व्हरांड्यात येतच नाही. चोराच्या मनात चांदणं.

४ ऑगस्ट
जनकाबाईचं बी आलं. डब्यांतून खड्ड्यात सोडलं. सिंधूनं शेंगदाण्याची पेंड टाकली तर सगळं पाणी तडतड उडालं, तव्यावर मोहरी उडते तसं. जनकाबाई काठावर बसून बघत होती. तिला एवढं खूश मी पहिल्यांदा बघितलं.
संध्याकाळी सिंधू अंडी घेऊन रेस्ट हाऊसला आली, तर पेटी दाखवली. एका पिलाची शेपटी फाटलेली आहे. तिनं नाव ठेवलं फाटकी. पुसलं, खायला काय घालता? म्हटलं, हवा. मग किती तरी वेळ काचेकडं बघत राहिली. म्हणाली, ही समदी तुमच्याकडंच तोंड करून हायेत.
म्हटलं, माया लागली.
म्हणे, माया न्हाई. माप घेऊन राहिलीत.
पोरगी विनोदी आहे. संसार चांगला होईल.

१२ ऑगस्ट
मांजर निर्दोष. ती साखर कारखान्याच्या ट्रकमध्ये बसून कधीच गेली, असं किशनराव म्हणतो. तरी पिलं कमी होऊन राहिलीत. मरतात म्हणावं तर मढं सापडत नाही. स्वच्छ जात.
किशनरावनं खाट व्हरांड्यातून आत घेतली. म्हणे, पाठ फिरवली की कुणी बघतंय वाटतं.

२५ ऑगस्ट
डझनभर उरलीत. बोटापेक्षा लांब, अंगानं चिवट. एकमेकांपासून लांब लांब उभी राहतात. कुणी कुणाकडं पाठ करत नाही. शिस्त.
निष्कर्ष: जागा कमी पडते. एकदम मोठ्या तळ्यात सोडली तर घाबरतील. आधी लहान पाण्याचा सराव पाहिजे. लहान, राखणीतलं, चांगलं पाणी. ते कुठं आहे, मला माहीत आहे.

२७ ऑगस्ट
झालं काम. दुपारी मायलेकी बाभळीखाली जेवायला बसल्या होत्या. मी पलीकडच्या बाजूनं जाऊन मरळी खड्ड्यात सोडल्या. कुणी बघितलं नाही. सिंधूची कोल्ह्याची गोष्ट आठवली. पण कोल्हा कोंबडी खातो, माझे मासे हवा खातात. हवा काय कुणाच्या बापाची आहे?
दसऱ्याला जाळं ओढतील तेव्हा रोहूबरोबर फुकटात मरळ! जनकाबाई म्हणेल, जावई असावा तर असा. सगळ्यांत मोठा मासा पेटीतच ठेवला. नाव सुभेदार.

५ सप्टेंबर
खड्ड्यावर बेडूक ओरडत नाहीत. बरं झालं, शांतता असली की मासा वाढतो.

१४ सप्टेंबर
सिंधू म्हणाली, पेंड तरंगून राहिली, कुणी वरच येत न्हाई. म्हटलं, पोटं भरली असतील. म्हणे, कशानं?
जनकाबाईनं ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला, जीभ लावली. परत घेतलं, परत जीभ लावली. पाण्यातून एकच बुडबुडा आला, तिच्या पायाजवळ.
पाण्यात काहीतरी खराबी असणार. कॅनॉलवाल्यांची चूक.

१६ सप्टेंबर
ठरवलं, मरळीचं जनकाबाईला सांगून टाकायचं. तेवढीच आनंदाची बातमी.

१७ सप्टेंबर
गेलो होतो. ती काठावर बसून होती. तोंड बघून वाटलं, आज नको. सरप्राइजची मजा जाईल.

१९ सप्टेंबर
आज नक्की सांगणार होतो. सदरा ओला होता.

२१ सप्टेंबर
साहेबांची बदली. गळ घेऊन गेले. नवे येतील, तेही गळवालेच असतील.
सुभेदार वीतभर झाला. मी व्हरांड्यात जिकडं जातो तिकडं काचेत वळतो. पेटीवर पोतं टाकलं. पोत्याखालून हवेचा घोट घेतल्याचा आवाज येतो. गुडूप. मग थोडा वेळ नाही. मग गुडूप.

२९ सप्टेंबर
दसरा तोंडावर म्हणून आज जाळं ओढलं. मीही एक टोक धरलं. जाळं हलकं लागलं. मला वाटलं, माझ्या अंगात जोर आलाय.
काठावर आलं. आत मरळी. माझ्याच, पण ओळखू येऊ नयेत एवढ्या माजलेल्या. रोहू-कटला म्हणून ओंजळभर.
जनकाबाईनं एक मरळ उचलली, विळीवर धरली, पोट फाडलं. आत रोहूची दोन पिलं. एक तर जसंच्या तसं, डोळा उघडा.
किशनराव म्हणाला, मोहाची पेंड टाकून खड्डा साफ केला व्हता, मग ही आली कुठून? मी म्हणालो, पावसात चालत येतात. मरळ चालते, सगळ्यांना माहीत आहे.
सिंधूनं जाळ्यातली एक शेपटीला धरून वर केली. शेपटी फाटलेली. म्हणाली, हिला मी वळखते.
माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. जनकाबाई खाली बसली आणि ती ओंजळभर पिलं हंड्यात मोजत राहिली. संपली तरी हात पाण्यातच.

३ ऑक्टोबर
दसरा झाला. आपटा घेऊन गेलो. जनकाबाईच्या झोपडीला आतून कडी.
हवेचं शास्त्र चूक नाही. खड्ड्यातली हवा कमी पडली असणार.

२६ ऑक्टोबर
ऊसतोडीचा ट्रक सकाळी वसमतकडं गेला. मला मागच्या बाजूला काम होतं. किशनराव रस्त्यापर्यंत गेला होता. विचारलं, सिंधू काही बोलली का? म्हणे, बोलली. त्यास्नी सांगा म्हणाली, उपाशी ऱ्हाऊ नका, हवा खात जा.
म्हणजे काळजी आहे.
दुपारी किशनरावनं पेटी परत मागितली. सुभेदाराला काढायला हात घातला. डाव्या हातानं लिहून राहिलो, अक्षर वाकडं येतं. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी आहे. रक्त थांबत नव्हतं.
सुभेदार वर आला, एक घोट हवा घेतली, खाली गेला आणि माझ्याकडं तोंड करून थांबला.
कांदे माझ्याच खाटेखाली आहेत. मोड आलेत.